नऊ टिंबांतली मराठी

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण बचत खात्यासाठीच जन्माला आली, असा आम्हां बँकवाल्यांचा समज आहे. पण त्या तळ्याची नोंद पासबुकात ज्या अक्षरांनी होते, तीही थेंबाथेंबांचीच असतात, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

ही करामत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची. लेसर आले, इंकजेट आले. पासबुकाच्या खिडकीवर मात्र अजून हाच किर्रर्र करतो. कारण हा शाई शिंपडत नाही, रिबनवर पिना मारतो. त्यामुळे शिवलेल्या जाड पासबुकावरही अक्षर उठतं आणि कार्बनखालच्या प्रतीवरही. शिवाय मारून वदवून घेतलेला आकडा ऑडिटरला जास्त खरा वाटत असावा.

१९८० साली एप्सन कंपनीचा एमएक्स-८० आला आणि जगभर पसरला. त्याच्या डोक्यात एकाखाली एक अशा नऊ पिना. इंग्रजीला तेवढ्या पुष्कळ झाल्या. इंग्रजी अक्षर म्हणजे लॉजवर उतरलेला एकटा पाहुणा. कॉट दिली की झोपला. देवनागरी अक्षर म्हणजे लग्नाचं वऱ्हाड! डोक्यावर शिरोरेषा, तिच्यावर चढलेल्या वेलांट्या आणि रफार, पायाशी लोंबणारे उकार.

मी पडलो कॉमर्सचा, तेव्हा हिशेबच मांडतो. एकूण पिना नऊ. वजा वेलांटी-मात्रेच्या दोन, शिरोरेषेची एक, उकाराच्या दोन. शिल्लक चार. चार टिंबांच्या उंचीत 'क्ष' काढून दाखवा, चहा माझ्याकडून!

मग एकच ओळ दोन-तीन फेऱ्यांत छापणं, अक्षराचं चित्र करून छापणं, असे उपाय निघाले. पुढं चोवीस पिनांचे प्रिंटर आले. कानपूरच्या आयआयटीत आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' तंत्र घडलं, तेव्हा कुठं संगणक भारतीय लिप्या धडपणे गिरवू लागला. १९९१ साली त्या लिप्यांच्या सांकेतिक क्रमांकांना सरकारी मानकही मिळालं.

यंत्राला अक्षरओळख व्हायला अशी दहाएक वर्षं गेली. माणसाला किती लागतात? त्याचं उत्तर आमच्या माणदेशात, म्हसवडला आहे. चेतना सिन्हा आणि गावच्या बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला. कारण बऱ्याच जणींचे अंगठे होते. बाया लगेच पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा. तुमचे साहेबही कॅल्क्युलेटरशिवाय करू देत, बघू कोण आधी सांगतं! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

हल्ली तीच टिंबांची अक्षरं फॅशनमध्ये आली आहेत. पोस्टरवर, कॅफेच्या बिलावर, टी-शर्टवर मुद्दाम जुनाट दिसणारी टिंबं असतात. गूगलच्या फॉन्ट-भांडारात तर 'डोटो' नावाचा टिंबांचा फॉन्टच आहे. दिसतात छान, तक्रार नाही. पण खिडकीशी येणाऱ्या आजीबाईला शोभा नको असते. इंग्रजीत छापलेलं पासबुक पुढं करून ती विचारते, "सायेब, किती ऱ्हायलं वो खात्यात?" स्वतःचे पैसे, आणि वाचायला दुसऱ्याचे डोळे!

नऊ पिना होत्या तोवर सबब होती. आता चोवीस आहेत. कमी पडतंय ते दुसरंच काहीतरी, आणि ते प्रिंटरच्या डोक्यात नाही.