चाक घडवणारी माणसं

"मागं सरा!" कुणीतरी ओरडतं आणि तुम्ही दोन पावलं मागे येता. समोर गोवऱ्या आणि लाकडाच्या ढलप्यांचं गोल कडं पेटलं आहे. त्यात लोखंडाची धाव तापून लाल झाली आहे. साल 1886, गाव पेण. भातं झोडून झाली, पावसाला अजून अवकाश आहे. गाड्या दुरुस्तीला येण्याचे हेच दिवस.

चाक जमिनीवर आडवं ठेवलं आहे. मधला तुंबा बाभळीचा, त्यात बारा आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर सहा पुठ्ठे, एकेका पुठ्ठ्यात दोन आरे. कुठेही खिळा नाही. सगळा जोर सांध्यांवर, आणि ते सांधे आवळायचं काम धावेचं. लोहाराने सकाळीच दोरीने चाकाचा घेर घेऊन धाव मुद्दाम थोडी आखूड ठेवली आहे. तापली की ती वाढते, चाकावर बसते, पाणी पडलं की पुन्हा आखडते. किती आखूड ठेवायची हे कुठे लिहिलेलं नाही. फार आखूड झाली तर आऱ्यांवर ताण येऊन चाक वाकतं. सैल राहिली तर वैशाखात लाकूड सुकतं आणि भर रस्त्यात धाव निसटते.

तिघे जण सांडशांनी धाव उचलतात. चाकावर ठेवताच लाकडातून धूर उठतो, दोन घण आळीपाळीने पडू लागतात. म्हातारा सुतार तुमच्या हातात घागर देतो. "ओता आता, थांबू नका." तुम्ही पाणी ओतता. वाफेने काही दिसत नाही, पण आवाज ऐकू येतो. सांध्यामागून सांधा करकरत मिटत जातो. वाफ विरल्यावर सुतार चाक उभं करतो, तुंब्यावर मुठीने ठोकून बघतो आणि काही न बोलता दुसऱ्या चाकाकडे वळतो.

हे चाक खारेपाटातल्या शेतकऱ्याचं आहे. त्याचा तांदूळ अंतोऱ्याच्या बंदरात जातो, मिठागरातलं मीठ खोपोलीच्या वाटेला लागतं. खोपोलीला आगगाडी येऊन तीस वर्षं झाली. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली. बैलांच्या पाठीवरून गोणी वाहणारे लमाणांचे तांडे त्यानंतर ओसरत गेले. बैलगाडी मात्र टिकली, कारण स्टेशन आणि बंदर यांच्यामधलं अंतर कापायला तीच लागत होती. इथला सुतार या वर्षी सुखात आहे. त्याची विद्या आणि गिऱ्हाइकाची गरज यांच्यामध्ये तिसरं कुणी नाही.

आता क्षणभर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला चला. वर्ष हेच, 1886. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट गाव. विल्यम ड्युरंट नावाचा चोवीस वर्षांचा विमा विकणारा तरुण एका ओळखीच्या माणसाच्या दोनचाकी घोडागाडीत बसतो. गाडी हादरत नाही, तिच्या बैठकीखालच्या स्प्रिंगांची मांडणी वेगळी आहे. तो आगगाडीने कोल्डवॉटरला जाऊन त्या गाडीचे हक्क 1,500 डॉलरला विकत घेतो. पैसे कर्जाऊ. भागीदार डॅलस डॉर्ट, हा लोखंडी सामानाच्या दुकानातला. दोघांनीही कधी तासणी धरलेली नाही. त्यांच्या सुरुवातीच्या गाड्या गावातलाच दुसरा कारखानदार बनवतो, ते विकतात. पुढे ते चाकं, आस, रंग, सगळं स्वतःच्या कारखान्यांत आणतात आणि नवं शतक लागल्यावर वर्षाला पन्नास हजारांच्या वर घोडागाड्या बनवू लागतात.

तुम्ही त्यांच्या चाकांच्या कारखान्यात उभे राहता तेव्हा पेणचा तो म्हातारा आठवतो. इथेही आरे आहेत, पुठ्ठे आहेत, धाव आहे. पण आरे एक यंत्र घडवतं, भोकं दुसरं पाडतं, आणि एकाही माणसाला सबंध चाक येत नाही. मला यात काही कमीपणा दिसत नाही. ड्युरंटला स्वतःला चाक येत नव्हतं, पण चाक बनवणारी व्यवस्था उभी करणं येत होतं, आणि तीही विद्याच आहे. आपल्याकडे ती कुणी कुणाला शिकवली नाही.

पुढचा हिशेब झरझर सांगतो. 1904 मध्ये ड्युरंट ब्यूइक ही बुडती मोटार कंपनी हातात घेतो. 1908 मध्ये जनरल मोटर्स स्थापन करतो आणि दोनच वर्षांत बँकांमुळे तिचा ताबा गमावतो. 1911 मध्ये लुई शेवरोले या शर्यतपटूबरोबर नवी कंपनी काढतो आणि तिच्या जोरावर 1916 मध्ये जनरल मोटर्स परत मिळवतो. 1920 मध्ये ती कायमची जाते. मधल्या काळात ब्यूइकचा कारखाना चालवायला रेल्वे इंजिनांच्या कामातून आलेला वॉल्टर क्रायस्लर नावाचा माणूस असतो. त्याचं ड्युरंटशी पटत नाही. तो बाहेर पडतो आणि 1925 मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढतो. हे नाव ध्यानात ठेवा, कुर्ल्यात ते पुन्हा भेटेल.

1928. मुंबईत, शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना सुरू होतो. मोटारी जोडणारा देशातला हा पहिला. बंदरातून पेट्या येतात, त्या फोडायच्या आणि आतले भाग जोडून शेवरोले रस्त्यावर आणायची. कामगार आपले आहेत, हात सफाईदार आहेत. पण इंजिन समुद्रापलीकडून आलं, आस तिकडून, गिअरही तिकडून. तुम्ही एका फिटरच्या शेजारी उभे राहून पाहता. पेटीत पाना नीट घडी घातलेल्या कागदात गुंडाळून आला आहे. पानासुद्धा परदेशी.

यातली एखादी मोटार तुम्हाला तिसाच्या दशकात रोह्याजवळ भेटते. धरमतरला बोटीतून उतरलेली माणसं घेऊन निघालेली सर्व्हिस मोटर. टपावर ट्रंका आणि वळकट्या, आत माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. नागोठण्याच्या पुढे खडी उखडलेली आहे आणि तिथेच मागचं चाक एका बाजूला कलतं. आस मोडली. उतारू खाली उतरतात. मागून येणारा बैलगाडीवाला न मागता थांबतो, बायका-मुलांना गाडीत घेतो. ड्रायव्हर मोडका तुकडा पोत्यात घालून रोह्याच्या लोहाराकडे नेतो. तुम्हीही बरोबर जाता.

लोहार तो तुकडा बराच वेळ हातात फिरवतो. मोडलेल्या तोंडाचा दाणा उन्हात धरून बघतो, कानशीने एक ओरखडा काढतो. कानस नुसती घसरते.

"हे लोखंड आपल्याकडचं नाही, ड्रायव्हरदादा. मला आकार देता येईल. पण मी दिलेला आकार टिकायचा नाही."

त्याला तुकड्याची सगळी चूक कळली आहे, कुठे आणि का तुटला तेही कळलं आहे. त्याच्याकडे ते पोलाद नाही, ते कातायला लेथ नाही, त्याला पाणी देण्याची भट्टी नाही. मुंबईहून भाग येईपर्यंत मोटर कुंडलिकेच्या काठी ताडपत्री पांघरून उभी राहते. माझ्या मते या सबंध कहाणीतली खरी अडचण ही आहे. आपला कारागीर अडाणी नव्हता. त्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या गरजेच्या मध्ये आता समुद्र आला होता.

ही अडचण ज्याला पुरती कळली होती तो माणूस सोलापूरचा. वालचंद हिराचंद, जन्म 1882. घरचा व्यापार सोडून तो रेल्वेच्या कंत्राटात शिरला, तेही लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाच्या भागीदारीत. बोरघाटातून पेणकडे उतरणाऱ्या गाडीवाल्यांना डोक्यावरच्या डोंगरात सुरुंगांचे आवाज ऐकू येत, त्या रेल्वे बोगद्यांचं काम त्याच्या कंपनीचं. 1919 च्या 5 एप्रिलला सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, त्या कंपनीतही तो होता. जिथे परक्यांची मक्तेदारी तिथे हा नेमका पोचायचा.

1939 मध्ये तुम्ही त्याच्याबरोबर अमेरिकेत आहात. तो मोटार कंपन्यांची दारं ठोठावतो आहे. परतीच्या विमानात शेजारी एक अमेरिकन विमान कारखानदार भेटतो, बोलणं होतं, आणि पुढच्याच वर्षी बंगळूरला विमानांचा कारखाना उभा राहतो. मोटारीचा मात्र राहत नाही. विश्वेश्वरय्यांनी योजना आखून दिली होती, मुंबईचं खेर मंत्रिमंडळ मदतीला तयार होतं. त्या वर्षाच्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दिल्लीच्या सरकारला युद्धासाठी हजारो ट्रक हवे होते, पण ते इथे बनावेत असं वाटत नव्हतं. परदेशातून यंत्रं आणायची परवानगी मिळेना. पत्रं जात, उत्तरं येत, वर्षं सरत. क्रायस्लरशी करार झाला होता, तो कागदावरच राहिला. याच काळात रोह्याच्या रस्त्यावर पेट्रोलअभावी मोटारी मागे भट्टी बांधून कोळशाच्या गॅसवर चालत होत्या.

अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, आणि 1947 मध्ये तुम्ही कुर्ल्याच्या शेडमध्ये उभे आहात. समोरून डॉज गाडी बाहेर येते आहे. याही गाडीचे बहुतेक भाग क्रायस्लरकडूनच आले आहेत, हे सांगायलाच हवं. शिवडीसारखी इथेही जोडणीच आहे. फरक एवढाच की इथे पुढचा भाग कोणता आणि तो कधी इथेच बनवायचा, हे ठरवणारा माणूस इथला आहे. याच वर्षी 18 मार्चला न्यूयॉर्कमध्ये ड्युरंट वारतो. त्याचं दिवाळं निघालं होतं, उतारवयात फ्लिंटमध्ये त्याने बोलिंगचा अड्डा चालवला होता.

1 जून 1948 ला पुणे ते नगर पहिली एसटी धावते. ताफ्यात दहा बनावटींच्या गाड्या, त्यांत शेवरोले आहे आणि स्टुडबेकरही. स्टुडबेकर हे अमेरिकेतलं जुनं घराणं, 1852 पासून घोड्यांच्या मालगाड्या बनवणारं. एसटीच्या या पहिल्या गाड्यांची बॉडी लाकडी, आणि बाकांत काथ्या भरलेला. पेण-रोह्याच्या सुतारांची पोरं अशा कामांना मुंबईत जाऊ लागतात. पण त्यांची खरी गरज लागते ती ओतशाळेत. इंजिन इथे घडवायचं तर बीड ओतावं लागतं, आणि ओतण्याआधी त्याचा लाकडी साचा लागतो. साचा करणारा सुतारच असतो. निवल्यावर धातू आखडतो, म्हणून साचा ठरावीक मापाने मोठा ठेवायचा. पेणकडचा एक पोरगा पहिल्याच दिवशी हे ऐकतो आणि मिस्त्रीला म्हणतो, "काका, हे मला येतं. आमच्याकडे उलटं करतात, इतकंच."

1952 च्या पहिल्या निवडणुकीत पेण-रोह्याच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून येतात ते चिंतामणराव देशमुख, मूळचे रोह्याचे, तेव्हा देशाचे अर्थमंत्री. ते ज्या मंत्रिमंडळात आहेत त्याच्यापुढे 1953 मध्ये जकात आयोगाचा मोटारधंद्याविषयीचा अहवाल येतो. सांगणं सरळ आहे: इथे टप्प्याटप्प्याने भाग घडवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच धंदा करावा, नुसतं जोडणाऱ्यांनी नाही. वालचंद ही शिफारस अंमलात आलेली पाहत नाहीत. त्याच वर्षी 8 एप्रिलला गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन होतं.

1954 मध्ये जनरल मोटर्स शिवडीचा कारखाना बंद करते. इथे मोटारी जोडणारी फोर्डही निघून जाते. कुर्ल्याने त्याआधीच इटलीच्या फियाटशी हात मिळवलेला आहे. साचेखात्यात आता दिवसपाळी पुरत नाही, मिस्त्री रात्रपाळीसाठी आणखी सुतार शोधतो आहे, आणि पेणच्या त्या पोराला तो विचारतो, गावाकडे तुझ्यासारखे अजून किती आहेत?