सणाचा गहू, रोजची भाकरी

कृष्णाकाठच्या काळ्या रानात खपली गहू पिकतो. त्याचा दाणा टरफलाला घट्ट धरून असतो. मळणी झाली तरी सुटत नाही. पूर्वी घरोघरी तो पाण्याचा हात लावून उखळात सडायचा, पाखडायचा, पुन्हा सडायचा आणि मग गूळ घालून त्याची खीर शिजवायची, अशी रीत होती. सांगली-मिरजेच्या बाजूला जत्रा, उरूस, भंडारा असला की ही खीर आजही मोठाल्या काहिलींत शिजते. सणाच्या खिरीसाठी बायका जे कष्ट आनंदानं उपसत, ते रोजच्या जेवणासाठी कुणी उपसले नसते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गहू कित्येक पिढ्या असाच होता: सणासाठी, पाहुण्यासाठी, देवासाठी. पोट भरायचं ते भाकरीनं.

हा इतिहास आज एका वेगळ्याच कारणासाठी उकरून काढायला हवा. सिलिअ‍ॅक हा आजार असलेल्या माणसाला गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन चालत नाही. ते पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते आणि अन्न शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. जुलाब, पोटफुगी, काही केल्या न हटणारा रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ, ठिसूळ हाडं अशी त्याची नाना रूपं. यावर गोळी नाही. ग्लुटेन जन्मभर बंद, एवढाच उपचार. निदान झालं की घर हादरतं, कारण आता सकाळ-संध्याकाळ चपाती आणि मधल्या वेळेला बिस्किट असतं. त्याच घरातल्या पणजीला या पथ्यात अवघड असं फारसं काही वाटलं नसतं.

मुंबई सरकारनं १८८५ साली सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं तेव्हा आजचा सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली हे नाव मिळालं. सरकारी हद्दी अशा हलत राहिल्या, ताटातली हद्द मात्र पावसानं आखलेली होती. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरात नाचणी, वरी आणि भात. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात ज्वारी. माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेतल्या मुलखात बाजरी आणि रब्बीचा शाळू. यांतल्या एकाही धान्यात ग्लुटेन नाही.

ग्लुटेन नसणं म्हणजे काय ते परातीत कळतं. गव्हाची कणीक ताणली जाते, लाटता येते, तो गुण ग्लुटेनचाच. ज्वारीच्या पिठाला तो नाही, म्हणून त्यात आधणाचं पाणी घालायचं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो, आणि तेवढ्या जोरावर भाकरी तळहाताखाली गोल फिरत मोठी होते. पीठ फार दिवसांचं असेल तर त्याची विरी गेलेली असते. थापताना कडेला चिरा पडतात, तव्यावर टाकताना भाकरी तुटते. म्हणून ज्वारी थोडी थोडी, आठवड्यापुरतीच दळायची. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी जाळावर धरून फुगवायची. युरोप-अमेरिकेतल्या बेकऱ्यांना बिनग्लुटेनचा पाव एकसंध राहावा म्हणून त्यात झँथन गमसारखे पदार्थ घालावे लागतात. माणदेशातल्या बाईनं तोच प्रश्न गरम पाणी, ताजं पीठ आणि हाताची सवय एवढ्यावर सोडवला होता. तिच्या या कौशल्याला पाककलेच्या पुस्तकांत मिळायला हवी तेवढी जागा कधी मिळाली नाही, याची खंत वाटते.

ज्वारी फक्त भाकरीपुरती नव्हती. हिवाळ्यात हुरडा, उन्हाळ्यात आंबील, घाईच्या वेळी कण्या आणि नागपंचमीला लाह्या. बत्तीस शिराळ्याला तर हा सण साऱ्या पंचक्रोशीचा. उपासाच्या दिवशी धान्य बदलायचं, पण वरी, राजगिरा, शिंगाडा यांतही ग्लुटेन नाहीच. साठवणीला जमिनीखालची पेवं असत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध झाली आणि २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी निकामी झाली. धान्याचं पेव मात्र त्याआधीच गावोगाव बुजलेलं होतं.

गहू हा गुन्हेगार, हे जगाला कळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि बरा झालाच तर तो आहारानंच होईल असं सांगितलं; पण कोणत्या आहारानं, ते त्यांच्या हाती लागलं नाही. १९२४ पासून अमेरिकेत सिडनी हास अशा मुलांना केळ्यांवर ठेवू लागले. मुलं सुधारत, श्रेय केळ्यांना जाई. खरा धागा सापडला तो हेगमधल्या मुलांच्या दवाखान्यातले डॉक्टर विलेम-कारेल डिके यांना. गव्हाबद्दलचा संशय त्यांना युद्धाआधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. आजूबाजूची माणसं उपाशी होती, तेव्हा सिलिअ‍ॅकची मुलं टिकून राहिली आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गव्हावर बोट ठेवलं. १९४४-४५ च्या त्याच हिवाळ्यात साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार ऐन भरात होतं. रात्री-अपरात्री येणाऱ्या भूमिगतांपुढे गावोगावची घरं जे ठेवत, ती भाकरीच होती.

इकडे पोटाच्या जुनाट विकाराला वैद्याकडे संग्रहणी हे एकच नाव होतं आणि त्या नावाखाली अनेक रोग सामावलेले होते. दुखणं हटेना की मिरजेला न्यायचं. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथं उभारलेलं मिशन हॉस्पिटल कर्नाटकापर्यंतच्या लोकांचा आधार होतं, आणि १९६२ साली तिथंच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. पण आतड्याचा तुकडा न कापता बाहेर काढण्याची सोयच जगात पन्नाशीच्या दशकात झाली. उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सिलिअ‍ॅकवरचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला तो १९६६ साली. तोवर हा गोऱ्या लोकांचा आजार, असाच डॉक्टरांचा समज होता.

नेमक्या त्याच काळात सातारा-सांगलीचं ताट बदलत होतं. अमेरिकेच्या १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली १९५६ पासून गव्हाची जहाजं भारतात येऊ लागली आणि रेशनच्या दुकानात लाल गहू दिसू लागला. साठीच्या अखेरीस कल्याणसोना, सोनालिका या बुटक्या वाणांनी पंजाबात गव्हाचे ढीग लावले. सरकारनं हमीभावानं प्रामुख्यानं गहू आणि तांदूळ उचलले, साठवले आणि देशभर वाटले. ज्वारीच्या वाट्याला असं पाठबळ आलं नाही. १९६४ साली आलेल्या संकरित ज्वारीनं उत्पन्न वाढवलं, पण ‘हायब्रीड’ची भाकरी शाळूच्या भाकरीपुढे कुणाला गोड लागेना. मोहोळला निवडलेली मालदांडी आजही रब्बीत पेरली जाते, ती या चवीमुळेच.

मग १९७२ चा दुष्काळ आला. माणदेश आणि जतकडची रानं ओस पडली, खडी फोडायच्या कामावर हजारो हात लागले. त्या कामांना पुढे रोजगार हमीचं रूप आलं. त्या योजनेचे जनक वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि पहिला प्रयोगही त्यांनी तासगाव तालुक्यातच केलेला. रेशनवर तेव्हा अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी आली. ती खाऊन दिवस काढलेली माणसं आजही तिचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात. दुष्काळानं एक शिकवण पक्की केली: रानातल्या ज्वारीचा भरवसा नाही, दुकानातला गहू येतोच. पुढे उपसा सिंचनाचं पाणी चढलं, बागायतीत ऊस शिरला, ज्वारीचं रान आटलं. शाळकरी डब्यात चपाती असणं ही घराची प्रतिष्ठा झाली. यात कुणाचा अपराध नाही. ज्यांनी मिलो खाल्ली, त्यांनी आपल्या लेकरांना मऊ चपाती द्यावी, यापेक्षा साहजिक काय असणार?

आता २०१६ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी पाहणी पाहू. संशोधकांनी उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी केली. उत्तरेत हजारी साडेआठच्या आसपास माणसांना सिलिअ‍ॅक निघाला. दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एकाला. या आजाराला अनुकूल जनुकं तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात, साधारण तिसऱ्या हिश्शाच्या लोकांत होती. फरक होता ताटात: उत्तरेत माणशी दिवसाला ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत अवघा २५. महाराष्ट्र या पाहणीत नव्हता. पण सातारा-सांगलीचं ताट गेल्या पन्नास वर्षांत कोणत्या दिशेला सरकलं, हे सांगायला पाहणीची गरज नाही. गहू खाणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही आणि धडधाकट माणसानं गहू टाकायचंही कारण नाही. एवढंच की पूर्वी ज्या जनुकांना रोजचा गहू भेटतच नव्हता, त्यांना तो आता दोन्ही वेळा भेटतो.

म्हणून रुग्णाला ‘जुनं खा’ असा सल्ला मिळतो. तो बराचसा खरा आहे. ज्वारीचे पदार्थ सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना चालतात, हे इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली प्रयोग करून दाखवलं. पण जुन्यातही सापळे आहेत. सगळ्यात मोठा सापळा खपलीचाच. हल्ली खपलीचा आटा पचायला हलका म्हणून शहरांत महाग विकला जातो आणि सिलिअ‍ॅकच्या घरीही कुणीतरी प्रेमानं आणून देतं. खपली हा गहूच. त्यात ग्लुटेन आहे आणि या रुग्णाला तो पूर्ण वर्ज्य. मेतकुटात मूठभर गहू भाजून घालतात. थालिपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतोच. सातूच्या पिठात जव किंवा गहू. फोडणीतला हिंग तर कुणाच्या ध्यानातही येत नाही: बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा मिसळलेला असू शकतो, त्यामुळे भाकरीबरोबरची आमटीसुद्धा बाधते. साताऱ्याचा कंदी पेढा खवा-साखरेचा, तो चालतो. सांगलीचं भडंग चुरमुऱ्याचं, पण त्याच्या मसाल्यातल्या हिंगाची चौकशी करायलाच हवी. आणि ज्यांना नुसता संशय आहे, त्यांनी तपासणीआधी गहू बंद करू नये. बंद केल्यावर रक्ततपासणी आणि आतड्याचा तुकडा दोन्ही फसवे निघू शकतात.

उरला प्रश्न दळणाचा. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. गावच्या गिरणीत गव्हाच्या पायलीमागून ज्वारीचा डबा ओतला की आधीचं पीठ पाळूत, खोक्यात, कापडी नळीत उरलेलं असतं आणि ते ज्वारीत उतरतं. ती ज्वारी मग या रुग्णासाठी ज्वारी राहत नाही. काही घरांनी यासाठीच घरघंटी घेतली आहे, पण प्रत्येकाला ती परवडत नाही, आणि रेशनवर बहुतेक महिने मिळतो तो गहू-तांदूळ.

यावरची तोड गिरणीवाल्याला ठाऊक नाही असं नाही. आषाढी एकादशीच्या, नवरात्राच्या आधी ‘उपासाचं दळण’ वेगळं काढलं जातं. त्यासाठी गिरणी झाडून-पुसून घेतात, धान्याचा कण त्यात जाऊ नये म्हणून घरची बाई तिथं उभी राहते, आणि कुणी त्याबद्दल कुरकुर करत नाही. कराड, विटा, इस्लामपूर, फलटणसारख्या गावांत एकाच छपराखाली दोन-तीन चक्क्या चालवणाऱ्या गिरण्या असतात. त्यांतली एक ज्वारी, नाचणी आणि तांदळासाठी कायमची राखून ठेवली, तिच्यावर गव्हाचा दाणा पडू दिला नाही, तर त्या तालुक्यातल्या सिलिअ‍ॅकच्या मुलांची रोजची भाकरी तिथूनच निर्धोक दळून येईल.