कुत्र्यातील दंतविकासदोष

हिरडीतून बाहेर येण्यापूर्वीच दाताच्या घडणीत निर्माण होणारी व्यंगे. पिलू जन्मतः दंतहीन असते. तिसऱ्या आठवड्यापासून त्याला दुधाचे २८ दात येऊ लागतात व सातव्या महिन्याच्या सुमारास कायमचे ४२ दात पूर्ण होतात. या काळात डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग झाल्यास दंतवल्क घडविणाऱ्या कोशिकांना इजा होऊन कायमच्या दातांवर खळगे व तपकिरी पट्टे उमटतात. ते भरून येत नाहीत. तथापि अभ्यासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरली ती आनुवंशिक दंतन्यूनता.

केशहीन कुत्र्यांचे दात अपुरे असतात, असे चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये नमूद केले. पाळीव प्राण्यांतील बदलांवरील ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१८७५) त्यांनी याच्या जोडीला मनुष्यातील एक उदाहरण दिले. ते होते तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमधील एका हिंदू कुटुंबाचे. वेडरबर्न यांनी कळविलेल्या या वृत्तांतानुसार चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून पटाशीचे चार दुबळे दात व आठ दाढा एवढेच दात होते. अंगावर केस विरळ असत आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून त्यांचे फार हाल होत. मुलींत हे व्यंग दिसत नसे, परंतु त्यांच्यामार्फत ते नातवांत उतरे. गुणसूत्रांचे कार्य अज्ञात असतानाची ही नोंद विलक्षण अचूक आहे.

डार्विन यांनी शेजारी ठेवलेली ही दोन व्यंगे मात्र एक नव्हेत. मेक्सिकन, पेरूव्हियन व चायनीज क्रेस्टेड या केशहीन जातींतील दोष फॉक्सआय३ या जीनमध्ये असल्याचे २००८ मध्ये आढळले. दोष दोन्ही पालकांकडून आल्यास गर्भ जगत नाही. म्हणून केशहीन जोडीलाही केसाळ, पुऱ्या दातांची पिले होतात. सिंधमधील लक्षणे क्ष-गुणसूत्रावरील ईडीए जीनच्या दोषाशी जुळतात. मनुष्यातील हा जीन १९९६ मध्ये ओळखला गेला आणि त्याचाच दोष जर्मन शेफर्ड वंशाच्या कुत्र्यांतही सापडला.

अशा नवजात पिलांना न्यून असलेले प्रथिन टोचले असता बहुतेकांचे कायमचे दात प्रकृत उगवले (२००७). त्यानंतर जर्मनीत हेच प्रथिन गर्भजलात सोडून तीन मुलांवर जन्मापूर्वी उपचार करण्यात आले. त्यांना नेहमीप्रमाणे घाम येत असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.