शब्दवेध : रूट
 तरुण पिढी फोन ‘रूट’ करते.

हा इंग्रजी शब्द जुन्या नॉर्स भाषेतला. अर्थ झाडाचे मूळ. १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्स या संगणकप्रणालीमध्ये फायलींची रचना उलट्या वृक्षासारखी. तिच्या आरंभाला ‘रूट’ म्हणत; सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही तेच नाव मिळाले. लिनक्समार्गे ते अँड्रॉइडमध्ये आले. कंपनी राखून ठेवते तो अधिकार मिळवणे म्हणजे रूट करणे.

२०११च्या अँड्रॉइड ४.०पूर्वी अनेक फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. वॉरंटीवर पाणी सोडून लोक फोन रूट करत, फॉन्ट बसवत. आपली लिपी वाचण्यासाठी घेतलेला तो अधिकार मला न्याय्यच वाटतो.