शिक्षा, शाबासकी आणि बोजारा

जुनीं दप्तरें चाळणारांचें लक्ष सनदा, महजर, तहनामे व वंशावळी यांजकडे आधीं जातें, हें स्वाभाविक आहे. त्याच रुमालांत एखाद्या मुलाचा मोडी कित्ता किंवा सणाच्या खर्चाचा चिटोरा निघाला, तर तो बहुधा बाजूस पडतो. परंतु पूर्वीं मुलांस वळण कसें लावीत, या प्रश्नाचें उत्तर अशाच कागदांतून मिळावयाचें आहे. त्यांतील शिक्षेची बाजू बरीच परिचित आहे. बक्षिसाची बाजू तितकी परिचित नाहीं. आणि तिचें एक उदाहरण नागपुरांत अद्यापि चालू आहे.

प्रथम शिक्षेविषयीं. पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, पाढे व पावकी-निमकी मोठ्यानें म्हणावयाची, आणि चुकल्यास छडी खावयाची, हा क्रम सर्वश्रुत आहे. अंगठे धरविणें व ओणवें उभें करणें या नित्याच्या शिक्षा. हात दोरानें बांधून टांगणें, म्हणजे घोडी देणें, ही त्यांतली कठोर.

मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनीं १८२२ सालीं देशी शाळांची माहिती मागविली. तीस उत्तर म्हणून बल्लारीचे कलेक्टर कॅम्बेल यांनीं १७ ऑगस्ट १८२३ रोजीं जो अहवाल धाडिला, त्यांत जिल्ह्यांतील ५३३ शाळांपैकीं २३ मराठी असल्याचें नमूद आहे. जिल्ह्यांतील शाळांची सामान्य रीत त्यांनीं सांगितली आहे ती अशी: सकाळीं जो मुलगा प्रथम येई, त्याच्या तळहातावर सन्मान म्हणून सरस्वतीचें नांव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत; त्यास ना स्तुति, ना निंदा. तिसऱ्यास एक हलकी छडी, चवथ्यास दोन, आणि पुढें येणाऱ्या प्रत्येकास एक एक वाढती. आळशी मुलास हात बांधून आढ्यास टांगण्याचाहि त्यांत उल्लेख आहे. पंतोजींची घोडी ती हीच.

या रीतींतील एक मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. सर्व मुलें सूर्योदयापूर्वीं आलीं, तरी कोणी तरी शेवटचा ठरणारच, आणि सर्वांत अधिक छड्या त्यालाच. म्हणजे शिक्षा अपराधास नसून क्रमास होती. सन्मानहि एकाचाच, इतरांच्या मागें राहण्यावांचून तो सिद्ध होत नसे.

आतां नागपुराकडे वळूं. श्रावण अमावास्येस पोळा झाला कीं दुसरे दिवशीं, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, येथें तान्हा पोळा भरतो. मुलें लांकडी बैल सजवून आणितात. हा सण दुसरे रघूजी भोसले (मृत्यु १८१६) यांनीं सुरू केला, अशी परंपरा सांगते. उत्तम सजावटीस बक्षिसें देतात. तेवढ्यापुरती येथेंहि चढाओढ आहेच. परंतु बैल घेऊन मूल दारीं आलें म्हणजे त्यास बोजारा मिळतो, तो सजावट पाहून नव्हे. पहिल्यासहि मिळतो, शेवटच्यासहि मिळतो.

बोजारा हा शब्द मोठ्यांच्या पोळ्यांतला आहे. वर्षभर बैल राखणारा गडी पोळ्याच्या दिवशीं बैल घेऊन घरोघर जातो, तेव्हां त्याच्या हातीं पडतो तो बोजारा. तेंच नांव मुलाच्या पैशास लाभलें, यांत आमच्या मतें या चालीचें रहस्य आहे. ही लालूच नव्हे. तूंहि बैलाचा धनी आहेस, असें मानून मुलास दिलेला हा मान आहे. आणि मानाबरोबर बैल राखण्याचें कर्तव्यहि खेळांतून त्याच्या अंगवळणीं पडतें.

बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें, त्याच्या कलम १७ अन्वयें, मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली. छडीचा अधिकार असा संपला. छडीविना मुलांस वळण लावण्याच्या ज्या रीती आपल्या घरांत होत्या, त्यांचा इतिहास मात्र लिहावयाचा आहे, आणि त्याचीं साधनें घरोघरच्या कीर्द-खतावण्यांत पडलीं आहेत. बोजाऱ्यास किती पैसे लागले, लांकडी बैलास सुतारास काय दिलें, कोणत्या वयाच्या मुलास कित्ता घालून दिला, या ओळी सनदेइतक्याच बोलक्या आहेत. म्हणून संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, रुमाल सोडतांना असा चिटोरा हातीं आल्यास तो रद्दींत टाकूं नये. त्यावर गांव, घराणें व मिति टिपून तो मूळ रुमालांतच ठेवावा.