छिन्नमानसावरील पूरक उपचार

छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) ह्या मनोविकृतीतील ऋण व बोधनिक लक्षणांवर, मूळ औषध चालू ठेवून त्याच्या जोडीला दिलेले दुसरे औषध वा उपचार. निर्वस्तुभ्रम व संभ्रम ह्यांना ‘धन लक्षणे’ म्हणतात. कारण सामान्य मनोव्यापारात नसलेल्या गोष्टींची त्यांत भर पडलेली असते. भावनांचा बोथटपणा, मितभाषण, निरिच्छता व अलिप्तता ही ‘ऋण लक्षणे’ होत. अवधान, स्मृती व नियोजन ह्यांतील उणिवा बोधनिक लक्षणांत मोडतात. कानी पडणारे आवाज थांबले, तरी रुग्ण कामाला लागत नाही, दिवसचे दिवस पडून राहतो आणि घरच्यांना तो आळस वाटतो. रुग्णाचे पुढील आयुष्य बव्हंशी ह्याच लक्षणांवर ठरत असते.

ही जाणीव नवी नाही. जर्मन मानसोपचारज्ञ एमील क्रेपेलीन ह्यांनी इच्छाशक्तीच्या ऱ्हासाला महत्त्व दिले होते. १९०८ मध्ये ह्या विकृतीला तिचे आजचे नाव देणारे स्विस मानसोपचारज्ञ ऑयगेन ब्लॉइलर ह्यांनी तर निर्वस्तुभ्रम व संभ्रम ही आनुषंगिक लक्षणे मानली. तथापि १९५२ मध्ये पॅरिस येथे झां दले व प्येर देनिकेर ह्यांनी क्लोरप्रोमाझिनाचा उपयोग दाखवून दिल्यावर, औषधाने जी लक्षणे हटतात त्यांच्याकडेच सर्वांचे लक्ष वळले. हे औषध व त्याच्या जातीची पुढील औषधे डोपामिनाचे ग्राही अडवतात. ऋण लक्षणांवर त्यांचा प्रभाव अल्प असतो. १९८० मध्ये ब्रिटिश मानसोपचारज्ञ टिमथी क्रो ह्यांनी विकृतीचे दोन प्रकार कल्पून हा भेद पुन्हा पुढे आणला. अमेरिकेत नॅन्सी अँड्रिआसन ह्यांनी ऋण लक्षणांची मापनश्रेणी तयार केली, तर १९८७ मध्ये धन, ऋण व सर्वसाधारण लक्षणे एकत्र मोजणारी ३० घटकांची श्रेणी प्रसिद्ध झाली. मोजमाप आल्यावर चाचण्या शक्य झाल्या.

चाचणीतील खरी अडचण निराळीच आहे. छळाच्या संभ्रमाने घाबरलेला रुग्णही माणसे टाळतो. खिन्नतेमुळे उत्साह मावळतो. मूळ औषधानेच अंग ताठरते व चेहरा भावशून्य दिसतो. ही दुय्यम लक्षणे कमी झाली, तरी गुणांक सुधारतो आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून प्रकृती स्थिरावलेले रुग्ण निवडून, त्यांचे मूळ औषध न बदलता, काहींना नवे औषध व काहींना हुबेहूब दिसणारी पण औषधगुणरहित गोळी (प्लॅसिबो) देण्याची पद्धत रूढ झाली. कोणाला काय दिले हे रुग्णाला वा परीक्षकाला माहीत नसते.

सर्वांत मोठी आशा ग्लुटामेट ह्या तंत्रिका-प्रेषकाभोवती गुंफली गेली. फेनसायक्लिडीन व केटामीन ही द्रव्ये ग्लुटामेटाचा एन्‌एम्‌डीए हा ग्राही अडवतात आणि निरोगी माणसातही धन व ऋण अशी दोन्ही प्रकारची लक्षणे उत्पन्न करतात. तेव्हा हा ग्राही चेतवल्यास लाभ होईल, असे अनुमान निघाले. ग्लायसीन हे साधे ॲमिनो अम्ल त्यासाठी वापरले गेले. त्याची मात्रा शरीराच्या दर किग्रॅ.ला दिवसाकाठी ०·८ ग्रॅ. एवढी असे, म्हणजे ६० किग्रॅ. वजनाच्या रुग्णाला रोज ४८ ग्रॅ. चूर्ण घ्यावे लागे. क्षयावरील सायक्लोसेरीन हे औषधही अल्प मात्रेत वापरून पाहण्यात आले. लहान चाचण्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. पण अमेरिका व इझ्राएल येथील १५७ रुग्णांवरील सोळा आठवड्यांच्या चाचणीत (२००७) दोन्ही द्रव्ये प्लॅसिबोपेक्षा सरस ठरली नाहीत.

पुढेही हेच घडत गेले. ग्लायसिनाचे पुनर्शोषण रोखणारे बिटोपर्टिन दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत उपयुक्त वाटले, पण २०१४ मध्ये ऋण लक्षणांवरील तिसऱ्या टप्प्याच्या दोन चाचण्यांत ते अपयशी ठरले. त्याच तत्त्वावरील इक्लेपर्टिन बोधनिक लक्षणांसाठी होते. त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या फसल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. मिनोसायक्लीन ह्या प्रतिजैविकाने ब्राझील व पाकिस्तान येथील चाचणीत ऋण लक्षणे कमी झाली होती, परंतु ब्रिटनमधील २०७ रुग्णांवरील चाचणीत (२०१८) लाभ आढळला नाही. लहान चाचणीतील यश योगायोगाचेही असू शकते, आणि मोठ्या चाचणीत केंद्रे वाढली की मापनातील तफावतही वाढते. प्लॅसिबो घेणाऱ्यांतही सुधारणा दिसते. नियमित भेट व विचारपूस ह्यांचा तो परिणाम असावा.

भारतात औषधेतर पूरक उपचारांचीही चाचणी झाली. बंगलोर येथे ६१ रुग्णांवर योगासने व शारीरिक व्यायाम ह्यांची तुलना करण्यात आली (२००७). योगासने करणाऱ्यांत अधिक सुधारणा आढळली. मात्र आपण योगासने करतो की व्यायाम, हे रुग्णापासून लपवता येत नाही. सातारा, गोवा व तमिळनाडू येथील २८२ रुग्णांच्या चाचणीत (२०१४) १८७ जणांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांकडून घरोघरी साहाय्य मिळाले. वर्षाअखेर त्यांची लक्षणे व अक्षमता इतरांहून थोडी अधिक घटली होती. हा लाभ तमिळनाडूच्या ग्रामीण भागात विशेष जाणवला.