खाशाबांच्या समोर कोण होतं?

आमचे आबा खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायचे, तेव्हा ती दर वेळी एकाच जागी येऊन अडायची. हेलसिंकी, १९५२. जपानी पैलवानाशी दमवणारी कुस्ती झाली, लगेच रशियनाशी लढायला बोलावलं, आणि मधे अर्ध्या तासाची विश्रांती द्या म्हणून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. "पोट्ट्याले दमबी घेऊ देला नाही," आबा म्हणायचे आणि वाशिमच्या आमच्या ओसरीवर सगळे चुकचुकायचे. मी एकदा विचारलं, त्या जपान्याचं नाव काय होतं? आबा म्हणाले, "जपान्या."

त्याचं नाव शोहाची इशिई. सत्तर वर्षं आपण ही गोष्ट सांगतोय आणि सुवर्णपदक जिंकलेला माणूस तिच्यात नावापुरताही नाही. विश्रांतीची तक्रार खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. पण ती इतकी जागा खाते की त्या मॅटवर कुस्तीच्या कोणत्या दोन रीती समोरासमोर आल्या, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. म्हणून जरा त्या कुस्तीच्या आदल्या दिवशी जाऊन उभं राहू.

दोघांचाही जन्म १९२६चा. दोघेही ५७ किलो वजनी गटातले. आणि दोघेही मुळात मॅटचे नव्हेत.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. कुस्ती घरातली, वडील दादासाहेब पैलवान. मातीतल्या कुस्तीला निकाल एकच, चीतपट. तिथे गुण मोजत नाहीत, त्यामुळे थोडं थोडं जिंकणं हा प्रकारच नाही. अशा कुस्तीतून येणारा माणूस साहजिकच एका निर्णायक डावाची वाट बघतो. खाशाबांचा तो डाव म्हणजे ढाक: मान हाताच्या कवेत घ्यायची, कंबर आत घालायची आणि समोरच्याला उचलून पाठीवर टाकायचं. ढाक अर्धी लागत नाही. लागली तर कुस्ती संपली, फसली तर आपणच खाली. १९४८ला लंडनमध्ये ते फ्लायवेट गटात उतरले, तेव्हा मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना शिकवलं. खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाताना पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. (हा माणूसही गोष्टीत दोन ओळींपेक्षा जास्त हक्काचा आहे.)

इशिई मूळचा ज्यूदोचा. महायुद्ध हरल्यावर जपानवर दोस्तांचा अंमल आला, शाळांमधून ज्यूदोवर बंदी आली, आणि इशिई कुस्तीकडे वळला. ज्यूदोत पकड असते ती जाकिटाच्या कॉलरवर, बाहीवर. कुस्तीत जाकीटच नाही. म्हणजे हातातलं हत्यार गेलं. उरलं ते समोरच्याचा तोल कधी आणि कुठल्या बाजूला जातो हे ओळखण्याचं अंग.

आता खरी गंमत इथे आहे. ज्यूदोत कोशी गुरुमा नावाची एक फेक आहे. मानेभोवती हात टाकायचा, कंबर आत घालायची, कमरेवरून समोरच्याला फिरवायचं. ओळखीचं वाटतंय ना? कॅनडा, मेक्सिको, जर्मनी, तिन्हींचे पैलवान खाशाबांनी हरवले होते. त्यांना ढाक नवी असणार. पण ज्याचं अंग ज्यूदोत मुरलंय, त्याला मानेकडे येणारा हात दिसताच पुढचं सगळं दिसलं असेल. हा माझा अंदाज आहे, पण ही कुस्ती चीतपट न होता लांबली आणि गुणांवर गेली, हे त्या अंदाजाशी जुळतं. गुणांवर जाणं हेच मातीच्या पैलवानाचं नुकसान.

त्यामुळे विश्रांतीबद्दलही जरा नीट बोललं पाहिजे. आपण सांगतो त्याच क्रमाने घडलं असेल, तर ती तक्रार रशीद ममदबेयोवच्या कुस्तीला लागू होते. म्हणजे अन्याय झाला असेल तर तो रौप्यपदकाचा. इशिईसमोर खाशाबा दमलेले नव्हते. दोघांना पुन्हा ताज्या दमाने लढवलं असतं, तर पहिल्या तीन-चार मिनिटांत मी पैसे खाशाबांवर लावले असते, त्यानंतर इशिईवर.

त्या स्पर्धेत जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानने कुस्तीत पाच सुवर्णपदकं घेतली. आपल्याकडे कुस्तीचं पुढचं पदक २००८ला, सुशील कुमारचं. मधे छप्पन्न वर्षं. एवढ्या काळात आपण खाशाबांची गोष्ट भरपूर सांगितली, मॅट मात्र गावोगाव फारशा पोचल्या नाहीत. आमच्याकडच्या जत्रेतली दंगल अजून मातीतच होते, आणि ती मलाही आवडते, हे कबूल करतो.

आबा आज असते तर त्यांना मी कोशी गुरुमा मोबाइलवर दाखवली असती. त्यांनी चष्मा वर करून दोनदा पाहिलं असतं आणि म्हटलं असतं, "हे तं ढाकच आहे ना बाबू."